आतून बाहेर की बाहेरून आत?

माझ्या गाडीला गंज लागलेला नाही. हे माझं म्हणणं नव्हे. तसं लेखी आहे, शिक्क्यानिशी. या एका वाक्यापायी मी आजवर ५,०१५ रुपये मोजले आहेत. ज्ञानेश्वरीत नऊ हजारांवर ओव्या आहेत; त्या ऐकायला मला इतका खर्च आला नव्हता.

गाडी घेतली २०१८च्या जुलैत. हार, नारळ, पेढे आणि पुठ्ठ्याची ती भलीमोठी किल्ली हातात धरून फोटो, सगळं यथासांग झालं. शोरूममधला पोरगा म्हणाला, "सर, बॉडीला सहा वर्षांची गंजाची वॉरंटी आहे. पत्र्याची काळजी सोडा." बाबांनी बाजारात माठ वाजवून बघावा तसा दरवाजा बोटाच्या पेरानं वाजवून बघितला. "पत्रा पातळ आहे," एवढंच बोलले आणि पेढा घेतला.

बारीक अक्षरं वाचण्याची सवय आमच्या घरात एकटीला, बायकोला. ती बँकेत आहे. रात्री जेवणं झाल्यावर तिनं गाडीसोबत आलेली पुस्तिका उघडली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "अहो, दरवर्षी त्यांच्याकडेच नेऊन बॉडी तपासून घ्यायची आणि इथं शिक्का मारून आणायचा. आधी किंवा नंतर एक महिना चालेल. एक जरी तपासणी चुकली तरी वॉरंटी रद्द."

"मागचीसुद्धा?" मी विचारलं.

"मागची-पुढची सगळी."

आई पलीकडे शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "म्हणजे सोळा सोमवारच की रे."

फरक एवढाच, की सोमवार मोडला तर पुन्हा पहिल्यापासून धरता येतात. इथं तीही सोय नव्हती.

पहिल्या वर्षी हौसेनं गेलो. जॉबकार्ड झालं, गाडीच्या सीटवर कागदी चादर अंथरली गेली, मला थंड खोलीत बसवून पाण्याची छोटी बाटली मिळाली. काचेतून गाडी दिसत होती. ती लिफ्टवर चढली. मग पाना खिशात खोचलेला एक पोरगा बॅटरी घेऊन खाली गेला. बॅटरी बहुधा चार्ज नसावी, कारण त्यानं ती दोनदा मांडीवर आपटली आणि शेवटी मोबाइलचा उजेड लावला. पुढची चाकं, मागची चाकं, चारी दरवाज्यांच्या खालच्या कडा. मी घड्याळ लावून बघत होतो: चार मिनिटं. त्यातलं अर्धं मिनिट तो फोनवर बोलत होता.

बिल आलं. तपासणी ८५० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी १५३, एकूण १,००३. आहेर द्यायचा तर माणूस १,००१ देतो. वरचे दोन रुपये कशाचे, हे मला अजून उलगडलेलं नाही.

"गंज सापडला का?" मी अ‍ॅडव्हायझरला विचारलं.

"नाही सर, सगळं ओके."

"मग पैसे कशाचे?"

"गंज नाही, हे बघायचे."

"आणि असता तर?"

"तर गंज आहे हे बघायचे, सर."

मुलगा सभ्य होता. त्यानं बसवून मला सगळं समजावून सांगितलं. त्यातनं कळलं ते असं: वॉरंटी गंजाला नाही, भोकाला आहे. पत्र्याला आरपार भोक पडलं पाहिजे. तेही गंज आतून बाहेर येत पडलेलं हवं. बाहेरून आत गेलेला गंज आपला, आतून बाहेर आलेला कंपनीचा. आता भोक म्हटलं की त्याला दोन्ही तोंडं आलीच. तू इकडून आलास की तिकडून, हे त्याला कोण विचारणार? "आमची टीम येऊन बघते, सर," तो म्हणाला.

नंतर बायकोनं काय-काय झालं तर वॉरंटी लागू नाही, ती यादी मोठ्यानं वाचली. पुराचं पाणी. खडी उडून रंगाला पडलेले टवके. खतं आणि रसायनं. झाडाचा चीक. पक्ष्यांची विष्ठा. वाचता वाचता ती थांबली. माझ्याही लक्षात आलं. हे कलम नव्हतं, सांगली जिल्ह्याचं वर्णन होतं.

म्हणजे बघा. आमच्याकडे पावसाळ्यात माणसं भेटली की 'काय चाललंय' विचारत नाहीत, 'किती फूट?' विचारतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी चाळीस फुटांना गेली की इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. पहिला शिक्का मारून आठ-दहा दिवस होतात न होतात तोच २०१९च्या ऑगस्टात पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. मी गाडी आधीच मिरजेला बहिणीच्या दारात नेऊन ठेवली होती. आधी गाडी, मग टीव्ही, मग बाबा, अशा क्रमानं मी सामान हलवलं, असं बाबा अजून चारचौघांत सांगतात.

खडीचं म्हणाल, तर त्या वर्षांत पेठनाक्याहून उखडलेल्या रस्त्यानं सांगलीला गाडीनं आलेल्या माणसाला मी वेगळं काय सांगू? रसायनांचं म्हणाल, तर मामांची तासगावला द्राक्षबाग आहे. मामांच्या मते भाच्याच्या गाडीची डिकी ही देवानं मोरचुदाच्या पिशव्यांसाठी केलेली आहे. मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण होतं, ते वेलीवरचा डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग, घालवतं. पत्र्यावर सांडलेलं मोरचूद पत्र्यालाही घालवतं, हे मी मामांना सांगितलं. "मग डिकीत पोतं अंथर की," मामा म्हणाले. विषय संपला.

दुसरी तपासणी कोरोनातली. गेटवर पांढरा ड्रेस घातलेल्या माणसानं गाडीवर चारी बाजूंनी निर्जंतुकीकरणाचं हायपोक्लोराइट फवारलं. हे द्रावण लोखंडाला गंज चढवण्यात पटाईत आहे. मग आत घेऊन गंज आहे का, ते बघितलं. नव्हता. १,००३ रुपये.

एकदा वैतागून आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. चाळीस वर्षं पत्राच ठोकतायत. त्यांनी हात पुसत गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "आजकालच्या गाड्यांचा पत्रा भारी असतोय साहेब. वरनं जस्त चढवलेलं असतंय. आधी जस्त झिजतंय, मग लोखंडाची पाळी. थोरल्या सुनेगत." मग खाली बसून दरवाज्याच्या खालच्या कडेवर बोट फिरवलं. "हितं बगा. काचेवरनं आत गेलेलं पाणी जायला हितं भोकं ठेवलेली असतात. ती चिखलानं बुजली की पाणी आतच बसतंय. पत्रा सडतोय तो असा. रंग फुगलेला दिसला की समजायचं, आत काम झालं."

त्यांनी सायकलची तार घेतली आणि एकेका भोकात घालून फिरवली. मागच्या डाव्या दरवाज्यातनं जवळजवळ पेलाभर गढूळ पाणी खाली पडलं. बॅटरीवाल्याला ते दोन वर्षांत दिसलं नव्हतं. दिसणार कसं? पाणी आत होतं आणि त्याच्या तक्त्यात 'भोक बुजलंय का' असा रकानाच नव्हता. माझं विचाराल तर खरी तपासणी ती होती. मिस्त्रींनी एका चहावर केली आणि चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत.

"आणि समजा सडलाच," मी विचारलं, "तर खर्च किती?"

"खालचा पट्टा कापून नवा पत्रा जोडायचा, रंग मारायचा. एका दरवाज्याला पाच हजार धरा."

म्हणजे सहा वर्षांच्या पाच तपासण्या आणि एक दरवाजा, भाव एकच. पण हिशोब कळला म्हणून व्रत सुटतं का? उद्या तपासणी चुकवली आणि परवा भोक पडलं तर? तेही नेमकं आतून बाहेर? आधीचे दोन हजार सहा रुपये पाण्यात गेले असं होऊ नये, म्हणून मी आणखी तीन हजार नऊ पाण्यात घालायचं ठरवलं. बायको बँकेत असूनही या युक्तिवादापुढे गप्प बसली. कदाचित बँकेत असल्यामुळेच.

२०२१ साली मी शहाणा झालो होतो. जुलै लागल्या लागल्या तपासणी उरकली. पावती हरवू नये म्हणून शिक्क्यावरच ठेवून स्टेपलरच्या दोन पिना मारल्या. महिन्याच्या शेवटी पाणी पुन्हा पन्नास फुटांच्या पुढे गेलं. गाडी मिरजेला आणि महत्त्वाचे कागद माळ्यावर आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत: सातबारा, एलआयसीच्या पॉलिस्या, रेशनकार्ड आणि गाडीची पुस्तिका. पाणी दोन पायऱ्या खाली थांबलं. घर मात्र आठ दिवस बंद होतं. परत आलो तेव्हा भिंतींना हात लावला की हात ओला होत होता.

पुढच्या वर्षी अ‍ॅडव्हायझर नवा होता. अ‍ॅडव्हायझर दर वर्षी नवा असतो. जुन्यांची तपासणी चुकत असावी. "पुरात गाडी होती का?" त्यानं विचारलं. नव्हती म्हणालो, तर तसं लेखी मागितलं. मी लिहून दिलं: गाडी पुरात नव्हती, मी होतो. पान उलटताना त्याला शिक्क्याजवळ पिवळट डाग दिसला. "चहा सांडला वाटतं," म्हणाला. मीही हो म्हणालो.

शेवटची तपासणी २०२३ची. पुन्हा नवा अ‍ॅडव्हायझर. यानं मात्र पुस्तिका पहिल्या पानापासून तपासायला घेतली. २०१९, ठीक. २०२०, ठीक. २०२१चं पान उघडलं आणि पावती आपोआप त्याच्या हातात आली. तिच्याबरोबर पिनांचा तांबूस भुगा आला आणि शिक्क्याचा मधला तुकडाही. वर्षाचा आकडा नेमका त्याच तुकड्यात होता.

"सर, शिक्का वाचता येत नाहीये," तो म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. "या वर्षाचं कंटिन्यू धरता येईल का, मला वरती विचारायला लागेल."

त्यानं बॅटरीवाल्याला हाक मारली. पोरगा तोच होता, पाच वर्षांत तेवढा एकच बदलला नव्हता. आता मात्र बॅटरी नवी होती. त्यानं सवयीनं उजेड खालून लावला. पानातनं आरपार गेलेले दोन गोल ठिपके वर छतावर पडले. आम्ही तिघं माना वर करून त्यांच्याकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या उजेडाला काही सापडलं होतं.

"काय रे," मी विचारलं, "आतून बाहेर आलाय, की बाहेरून आत?"

त्यानं पान उलटून बघितलं. पुन्हा सुलट केलं. कडेवरनं बोट फिरवलं, अगदी मिस्त्रींसारखं. चार मिनिटांपेक्षा नक्कीच जास्त वेळ लागला.

"आतूनच आलाय की ओ, साहेब," तो म्हणाला.