दोन इंच बाहेर

ऑफ-रोड गाडी घेतलेल्या पुणेकराला पहिल्याच पावसाळ्यात कंपनीचे टायर बारीक वाटू लागतात. मग टायर मोठे येतात, ते बॉडीबाहेर डोकावतात, आणि पानशेतच्या रस्त्यावरचा चिखल आरशावर, दाराच्या हँडलवर आणि शेजारून चाललेल्या स्कूटरवाल्या काकांच्या चष्म्यावर बसतो. इथे फेंडर फ्लेअरचा प्रवेश होतो. फ्लेअर म्हणजे चाकाच्या कमानीवरचा छज्जा. चिखल, खडे आणि पाणी खालच्या खाली ठेवणं एवढंच त्याचं काम. पण फ्लॅट घेताना बिल्डरला कार्पेट एरियावरून घाम फोडणारी माणसं हा छज्जा नुसता फोटो बघून मागवतात, याचं मला नवल वाटतं.

आधी मोजा. गाडी सपाट जागी लावा (सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशी जागा सापडलीच, तर कायमची धरून ठेवा), स्टिअरिंग सरळ करा. गवंड्याची लांब लेव्हल पट्टी टायरच्या सगळ्यात फुगीर भागाला टेकवून उभी धरा, बुडबुडा मधोमध आणा आणि पट्टीपासून कमानीच्या कडेपर्यंतचं आडवं अंतर घ्या. तेवढं झाकायचंय. त्याहून थोडं जास्त हातचं ठेवा.

टायर अजून घ्यायचे असतील तर गणित कागदावरही होतं. थारला १६ इंची रिमवर कंपनीचा टायर २४५/७५ येतो (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत). त्याजागी २६५/७५ घातला तर रुंदी २० मिलिमीटरने वाढते, म्हणजे बाहेरच्या बाजूला १०. नव्या रिमचा ऑफसेट (रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतचं अंतर; ते घटलं की चाक बाहेर सरकतं) २५ ने कमी असेल तर आणखी २५. एकूण ३५ मिलिमीटर. म्हणजे दोन इंची फ्लेअर पुरेल. मात्र दोन इंच कुठून मोजलेत, हे दुकानदाराला विचारा. पत्र्याच्या कडेपासून, की फ्लेअरची अख्खी रुंदी? थारच्या कमानींवर कंपनीचं काळं क्लॅडिंग, म्हणजे प्लास्टिकची पट्टी, आधीच असतं. नवा फ्लेअर ते काढून लावायचा असेल, तर जुन्याच्या पुढे तो किती जातो तेवढाच तुमचा फायदा.

याच टायरचा व्यास ३० मिलिमीटरने वाढतो, हे कोणी सांगत नाही. म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर बंपरच्या कोपऱ्याला किंवा कमानीच्या आतल्या प्लास्टिक लायनरला घासू शकतो. फ्लेअरने घासणं थांबत नाही. ते बाहेरून दिसत नाही, इतकंच.

आता नाना पेठ, म्हणजे पुण्यातला गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. तिथे 'युनिव्हर्सल' हा शब्द ऐकू आला की खिशावर हात ठेवा. जी वस्तू सगळ्या गाड्यांना बसते ती तुमच्या गाडीला नीट बसत नाही. 'बसतंय साहेब, हीटगन मारली की बसतंय!' असं सांगतात. बसतं खरं, पण चैत्रातल्या उन्हात गाडी दिवसभर उभी राहिली की ते आपल्या मूळ आकाराकडे परत निघतं.

मालाचे प्रकार मुख्यतः तीन. एबीएस हे प्लास्टिक हलकं, आकाराला नेमकं, पण कडक. दगडाला ठोकलं की बोल्टच्या भोकापासून तडा जातो. दाणेदार काळं एबीएस उन्हाने दोन-तीन वर्षांत राखाडी पडतं, ते पुसायची बाटली वेगळी विकत मिळते. पॉलियुरेथेन हे रबरासारखं लवचिक प्लास्टिक, झुडपाला घासून परत जागेवर येतं. रंगवायचं असेल तर रंगात लवचिकपणाचं मिश्रण घालावं लागतं, नाहीतर रंगाच्या खपल्या निघतात. तिसरं फायबर. स्वस्त, आणि फुटलं तर मॅट आणि रेझिन लावून कुठेही जोडून मिळतं. पण डावा आणि उजवा एकाच घरचे वाटतीलच असं नाही. पेंटरला त्यावर पुट्टी ओढत बसावं लागतं, आणि मग फ्लेअरपेक्षा रंगकामाचं बिल मोठं. ताम्हिणीच्या बाजूला खरोखर दगडधोंड्यांत जाणाऱ्याने पॉलियुरेथेन घ्यावं. चांदणी चौकापुढे न जाणाऱ्याला एबीएस पुष्कळ झालं.

कडेने बोल्टची रांग असलेले फ्लेअर सध्या फार खपतात. त्यातले बरेच बोल्ट शोभेचे असतात. फ्लेअर धरून ठेवते आतली टेप. विचारून घ्या.

टेपवरून आठवलं. गाडीवर काहीही चिकटू नये म्हणून माणसं हजारो रुपये मोजून सिरॅमिक कोटिंग करतात, आणि पुढच्या महिन्यात त्याच कोटिंगवर व्हीएचबी टेपने (दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड, मजबूत टेप) फ्लेअर चिकटवतात. पहिल्या वॉशिंगला प्रेशरच्या पाण्याबरोबर तो निघून येतो, आणि शिव्या टेपला. टेपच्या जागेवरचं कोटिंग, वॅक्स, पॉलिश सगळं उतरवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या. कमानीच्या माथ्यापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना दाबत या. व्हीएचबीला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, तोवर गाडी धुऊ नका. भर जुलैत उघड्यावर हे काम करायला घेणाऱ्याला माझ्या शुभेच्छा.

चिखलात जाणाऱ्या गाडीला मी नुसत्या टेपवर सोडणार नाही; बोल्ट हवेतच. आधी फ्लेअर मास्किंग टेपने लावून बघा. दार पूर्ण उघडतंय का, डिझेलचं झाकण अडकत नाही ना, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून टायर लागत नाही ना. मगच खुणा. भोक आधी ३ मिलिमीटरचं, मग ६ च्या बोल्टसाठी साडेसहाचं. कड कानशीने घासा आणि उघड्या पत्र्यावर झिंक प्रायमरचे दोन हात द्या. ही पाच मिनिटं फिटर हमखास वाचवतो, आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथून तांबूस ओघळ निघतो. फ्लेअर आणि पत्रा यांच्यामध्ये रबरी पट्टी हवीच, नाहीतर मधली वाळू रंग खरवडून काढते. स्टेनलेसचे बोल्ट, रुंद वॉशर, आणि आवळायचं हाताने. एअरगन घेऊन आलेल्या पोराला चहा प्यायला पाठवा.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. कलम १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. चार फ्लेअर म्हणजे एक बदल की चार, हा वाद भर चौकात हवालदाराशी घालू नये. टायर-रिमचा आकार बदलायच्या आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

लावल्यावर पाचेकशे किलोमीटरनी बोल्ट पुन्हा बघा. चिखलातून आलात की पाइप फ्लेअरच्या आतल्या बाजूने मारा. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या कमानीत पाव किलो मुळशी सहज निघते. आणि जुनं क्लॅडिंग क्लिपांसकट गुंडाळून माळ्यावर ठेवा, गाडी विकताना लागेल. दिवाळीच्या साफसफाईत तो माळा कोण उघडणार, हे मात्र आधीच ठरवून घ्या.