काकीचे अकरा गुंठे

परवा गावी गेलो होतो, गगनबावड्याकडं. काकीनं चहासोबत बशीत बिस्किटं ठेवली. म्हटलं, "काकी, नाचण्याची भाकरी न्हाई व्हय?" ती हसली. "नाचणा आता तुमच्या कोल्हापुरात मिळतोय बाबा. पुढच्या खेपेला येताना किलोभर घिऊन ये."

चिमटा बरोबर बसला. आदल्याच आठवड्यात राजारामपुरीतनं पोराच्या डब्यासाठी नाचणी बिस्किटांचा पुडा आणला होता. घरी येऊन मागचं बारीक अक्षर वाचलं, तर पहिलं नाव मैद्याचं!

आमच्या घराच्या वरच्या अंगाला अकरा गुंठे वरकस, म्हणजे हलक्या मातीचं उताराचं रान आहे. सातबाऱ्यावर नाव आजोबांचं, पण तिथं काय पेरायचं ते काकी ठरवायची. त्यातनं रुपया येत नव्हता, म्हणून पुरुषमाणसं तिकडं फिरकायची नाहीत. जूनला तरवा टाकायचा, म्हणजे रोपं तयार करायची, जुलैत भर पावसात इरलं पांघरून लावण. नाचण्यात उडदाच्या चार ओळी, कडेनं वरी, बांधाला वरणा, कुंपणावर काकडी आणि दोडका. दिवाळीच्या आसपास कणसं कापून ढीग घालायची, ऊब धरली की काठीनं बडवायची. तो धुरळा अंगाला असा खाजायचा की आम्ही पोरं ओढ्यावर पळायचो, आणि काकी आपली बडवतच असायची. नाचण्याला कीड लागत नाही, कणगीत दोन-दोन वर्षं सुखानं राहतो. सकाळी आंबील, दुपारी भाकरी, सोबत कुर्डू, टाकळा, भारंगी, पावसात जे उगवेल ते.

आता वर काजू आहे आणि खाली खाचरात ऊस.

उसाला शिव्या घालायचा मला अधिकार नाही. माझ्या कॉलेजची फी उसाच्या बिलातनंच गेली. पण बिल जमा होतं काकाच्या खात्यावर. कणगी होती तोवर घरात कुणाच्या ताटात काय पडणार हे काकीच्या हातात होतं. आता बाजारच्या पिशवीतनं काय येणार ते काका ठरवतो, आणि पिशवीत आधी चहापूड, साखर, तेल आणि फरसाण येतं. डोंगरातल्या घरांचं खाणं बिघडलं ते इथं, असं माझं मत आहे. गरिबी होतीच की आधीपण. हातातली किल्ली गेली.

थोरल्या वहिनीला सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन ८ निघालं. गोळ्या मिळाल्या, घ्यायलाच हव्यात. पण ती एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं.

नाचण्यानं सगळं बरं होतं असले फॉरवर्ड कृपा करून मला पाठवू नका. १०० ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पॉलिशच्या तांदळात दहाच्या घरात, हे खरं. पण त्यातलं लोह अंगाला लागायला अडथळे असतात. मोड आणले, आंबवलं की ते कमी होतात. म्हाताऱ्या आंबील रात्रभर का ठेवायच्या ते मला आता कळतंय. आणि सोबत डाळ, पालेभाजी, जमलं तर अंडं हवंच. अकरा गुंठ्यांत हे सगळं (अंडं सोडून) एकाच ठिकाणी होतं.

२०२३ ला भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, फलक लागले. २०२५-२६ ला नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये. काकीला विचारलं, तुझ्या दारात घ्यायला कोण आलं? म्हणाली, पायलीनं मागणारा एक व्यापारी. रेशनला मात्र तांदूळ आणि गहू. आमच्याच डोंगरातला नाचणा आमच्याच अंगणवाडीला का जाऊ नये? बायकांच्या गटाकडनं खरेदी करा, पैसे त्यांच्या खात्यावर टाका. आणि गावात मळणीचं एक यंत्र द्या, कारण बडवणीला आता कुणाचीच सून तयार होणार नाही, होऊ पण नये.

हे सगळं मी काकीपुढं ऐटीत मांडलं. तिनं ऐकून घेतलं, मग आढ्याकडं बोट दाखवलं. धुरानं काळी पडलेली कणसांची जुडी बांधलेली होती, बियाण्याची. शेवटचं पीक गव्यांनी एका रात्रीत तुडवलं, त्यातनं उरलेली.

"परड्यात दोन गुंठं मोकळं हाईत. जूनला टाकते तरवा," म्हणाली. "लावणीला तू ये. आन् पीक आल्यावर रातचं राखणीला पण तूच बस."

व्हय म्हणून आलोय. रजेचा अर्ज अजून लिहिलेला नाही.