माडखोलकरगजानन

मंगळवारी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी प्रबंधाचे तिसरे प्रकरण परत दिले. आतल्या साठ पानांवर कौतुक नव्हते आणि टीकाही नव्हती. शेवटच्या पानावर मात्र, संदर्भसूचीच्या समासात, लाल शाईने एकच प्रश्न लिहिलेला होता : 'हे माडखोलकरगजानन कोण?' प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेले होते. वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाला, विभागाच्या व्हरांड्यात, एम. ए. च्या चार मुलींच्या देखत, गजानन त्र्यंबक माडखोलकर कोण हे विचारले जावे आणि त्याने खाली मान घालून 'सॉफ्टवेअरमुळे झाले' असे उत्तर द्यावे, यापरते दुसरे काय व्हायचे राहिले? त्या मुलींपैकी एक हसली. कोणती, ते मला ठाऊक आहे.

माझा विषय मे १९४६ मध्ये बेळगावात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाची वृत्तपत्रीय चर्चा हा आहे. माडखोलकर त्या संमेलनाचे अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तेथेच मंजूर झाला. तेव्हा माझ्या संदर्भसूचीत माडखोलकर एकदा नव्हे, सतरा वेळा येतात. सतराही वेळा ते जोडून आले.

याचे मूळ विद्यापीठाच्या ग्रंथालयात झालेल्या एका प्रशिक्षणात आहे. प्रशिक्षण देणारा तरुण हुशार होता, नम्र होता आणि दर दोन वाक्यांनंतर 'व्हेरी सिंपल, सर' असे म्हणत होता. एन्डनोट, मेंडले, झोटेरो अशी, संदर्भ नोंदवून त्यांची सूची काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरांची नावे त्याने पडद्यावर दाखवली. झोटेरो हे २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासकारांनी काढले आणि त्याचे नाव एका अल्बेनियन शब्दावरून ठेवले, अशी माहितीही दिली. अल्बेनियनला जागा मिळाली आहे म्हटल्यावर मराठीलाही कोठेतरी कोपरा मिळेल असे मला वाटले. या सॉफ्टवेअरांपैकी माझ्या वाट्याला कोणते आले ते मी सांगणार नाही, कारण चूक त्याची की माझी याचा निकाल अजून लागलेला नाही. तरुणाने एका इंग्रजी निबंधाचा डीओआय क्रमांक, म्हणजे लेखाची संगणकावरची कायमची ओळखखूण, एका चौकटीत टाकला आणि बटण दाबले. लेखक, वर्ष, नियतकालिक, खंड, अंक, पृष्ठे, सगळे वऱ्हाड एका क्षणात मांडवात येऊन बसले. मग माझी पाळी आली. माझ्यापुढे १९४६ च्या वृत्तपत्राच्या बांधीव फाइलचे, कडा खाल्लेले, छायाप्रत काढलेले पान होते. त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि हळूच विचारले, "डीओआय इल्वा, सर?"

नाही, बाबा. डीओआय २००० साली चालू झाला. पुस्तकांवरचा आयएसबीएन क्रमांकसुद्धा १९७० च्या आसपासचा. १९४६ साली बातमी लिहिणाऱ्याने खाली स्वतःचे नाव घातले असते तरी मी त्याचा ऋणी राहिलो असतो. एका बटणाची ही सारी किमया ज्यांचे आधीच सगळे नीट नोंदलेले आहे त्यांच्यासाठी आहे. आमच्या वाट्याला हाताने टंकायचे बावीस रकाने येतात. त्या दिवशी मी हे बोललो नाही. चहा आला होता.

मी तीन महिने टंकत राहिलो. एकशे बेचाळीस नोंदी झाल्या. मग सूची काढण्याचे बटण दाबले, ती तशीच छापली आणि घाईत न वाचता मॅडमकडे पाठवली. ही एवढी चूक मात्र नि:संशय माझी आहे. इंग्रजी लेखकांचा ते सॉफ्टवेअर सगळा मानपान करते : आडनाव, मग स्वल्पविराम, मग मोकळी जागा, मग आद्याक्षर आणि त्याला टिंब. देवनागरी नाव दिसले की आडनाव पुढे ओढते आणि नाव त्याला चिकटवून मोकळे होते. १९२९ च्या बेळगाव संमेलनाचे अध्यक्ष शि. म. परांजपे हे 'परांजपेशिवराम' झाले, आणि ही एखादी भुसार मालाची जुनी पेढी असावी असे वाटू लागले. धारवाडचे द. रा. बेंद्रे, ज्यांच्या घरी मराठी होती आणि कवितेत कन्नड, ते 'बेंद्रेदत्तात्रेय' झाले. मात्र त्यांचे 'अंबिकातनयदत्त' हे टोपणनाव सॉफ्टवेअरने बिनचूक छापले, कारण ते कवीने स्वतःच आधी जोडून ठेवले होते.

बुधवारी सकाळी मी ही गाठोडी सोडवायला ग्रंथालयात बसलो, आणि तेथे गुरुजी आले.

गुरुजी बेळगावजवळच्या कडोलीचे. प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सव्वीस वर्षे झाली. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, चष्म्याला काळी दोरी आणि कापडी पिशवीत एक केळे. बाहेरच्या वाचकाचा पास काढून ते दररोज बसने येतात, आणि दररोज आल्या आल्या हीच तक्रार करतात की बायको बरोबर आली तर तिला बस फुकट आणि आपल्याला तिकीट. बायको एकदाही बरोबर आलेली मी पाहिलेली नाही. ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले, पडद्याकडे मान लांब केली आणि म्हणाले, "काय करूलायसा, प्राध्यापक?"

मी सांगितले. संमेलनाचे नाव काढायला नको होते.

"मी होतो की तिथं," गुरुजी म्हणाले.

"कोठे?"

"संमेलनात. चार वर्षांचा होतो. वडिलांच्या खांद्यावर बसून."

त्यांचे आजचे वय चौऱ्याऐंशी आहे, तेव्हा हिशेब बरोबर जुळतो. संशोधकाच्या अंगावर काटा यावा असा तो क्षण होता आणि माझ्या अंगावर तो आलाही. बांधीव फायलींतून मी वर्षभर ज्या मांडवात शिरण्याचा प्रयत्न करीत होतो, त्या मांडवातला माणूस शेजारी बसून केळे सोलत होता. मी माडखोलकरांना तसेच चिकटलेले ठेवले आणि वही काढली.

"काय आठवते, गुरुजी?"

"पांढरं कापड. लई माणसं. आणि मला लघवीला लागली होती."

मी लेखणी थांबवली.

"वडिलांना म्हटलं, खाली घ्या. ते म्हणाले, थांब, ठराव येऊलाय. मी म्हटलं, मला थांबता येत नाही. ते म्हणाले, एवढा महाराष्ट्र थांबलाय, तुला काय झालं?" गुरुजींनी केळ्याचा एक घास खाल्ला. "मग ठराव झाला. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत माझं झालं."

"खांद्यावर?"

"मग कुठं? खांद्यावरच. वडील काही बोलले नाहीत. टाळ्या वाजवत होते. घरी जाईपर्यंत त्यांना कळलं नाही, असं आई सांगायची. मला वाटतं त्यांना कळलं होतं."

मी हे सारे लिहून घेतले. संयुक्त महाराष्ट्राच्या ठरावाविषयी यापेक्षा अधिक विश्वासार्ह साक्ष माझ्या प्रबंधात एकही नाही, कारण बाकी सगळ्या साक्षीदारांना काही ना काही सिद्ध करायचे होते.

"मग घाला माझं नाव," गुरुजी पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले.

मी सॉफ्टवेअरमध्ये 'मुलाखत' हा प्रकार निवडला. आडनाव विचारणारी चौकट उघडली आणि तेथेच आम्ही पाऊण तास अडकलो. गुरुजींचे आडनाव शाळेच्या दाखल्यावर एक आहे. रेशनकार्डावर ते कन्नडमध्ये आहे आणि शेवटचे अक्षर निराळे आहे. आधारवर इंग्रजीत आहे, आणि त्याचा उच्चार गुरुजींनी तीन वेगवेगळ्या प्रकारे करून दाखवला. पेन्शनच्या कागदावर आडनावाचे केवळ आद्याक्षर असून वडिलांचे नाव आडनावाच्या जागी बसले आहे. "पेन्शन त्याच नावावर येतीय, तेव्हा तेच खरं," असा निवाडा त्यांनी आधी दिला आणि मग तो स्वतःच फिरवला.

त्यानंतर गाव. मी 'बेळगाव' असे टंकायला लागताच चौकटीखाली सूचना उघडल्या : माझ्याच जुन्या नोंदींतून बेळगाव, बेळगावी, इंग्रजी जुने स्पेलिंग आणि इंग्रजी नवे स्पेलिंग, अशी चार गावे रांगेने उभी राहिली. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदलले हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? गुरुजींनी ती रांग वाचली आणि म्हणाले, "राज्य कुठलं लिवलासा?"

येथे मला थोडे बाजूला जावे लागेल, पण विषय सुटत नाही. आमच्या विभागाचे नियमपुस्तक एपीए, म्हणजे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने ठरवलेल्या संदर्भशैलीच्या सहाव्या आवृत्तीवरून केलेले आहे आणि त्या पुस्तकाप्रमाणे प्रकाशनस्थळ म्हणून शहराच्या पुढे राज्य द्यावे लागते. १९४६ चे बेळगाव मुंबई प्रांतात होते. १९५६ पासून ते म्हैसूर राज्यात आणि १९७३ पासून, राज्याचे नावच बदलल्यामुळे, कर्नाटकात. माझ्या सूचीतली पुस्तके या तिन्ही काळांतली आहेत आणि छपाईच्या काही गल्ल्या तर त्याच आहेत. बेळगाव कोणत्या राज्याचे या सीमावादासाठी महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. आणि मी एक साधा शिक्षक, माझ्याकडून सहाव्या आवृत्तीला एका स्वल्पविरामानंतर निकाल हवा होता. दोन आठवडे मी तेथे रुतलो होतो. मग कोणीतरी सुचवले म्हणून शैलींच्या यादीत सहावीच्या जागी सातवी निवडली, तर काय, सगळी गावे आणि सगळी राज्ये पडद्यावरून एकदम नाहीशी झाली! सातव्या आवृत्तीत प्रकाशनस्थळ द्यायचेच नाही. इतकी वर्षे कोणाला जमले नाही ते अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी करून दाखवले. मॅडमना मात्र सहावीच हवी आहे.

हे मी गुरुजींना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे गाव लिवायचंच नाही? मग पत्र कसं पोचायचं?"

याला उत्तर नव्हते. पण खरी पंचाईत पुढेच होती. नोंद पुरी झाल्यावर मला आठवले की अशी तोंडी माहिती एपीएच्या नियमाने सूचीत येतच नाही. ती 'वैयक्तिक संवाद' म्हणून मजकुरात कंसात उल्लेखायची आणि तेथेच सोडायची. कारण असे की सूचीत तेच असावे जे वाचकाला स्वतः शोधून काढता येईल.

"यादीत नाव येत नाही?" गुरुजींचा आवाज चढला तेव्हा समोरच्या टेबलावरच्या मुलाने कानातली वायर काढली. "मतदार यादीत मी दोनदा आहे!"

"गुरुजी, नियम असा आहे की वाचकाला ते पुन्हा मिळायला हवे."

"मी रोज येतो की हितं. दहाच्या बसनं. मिळतो."

त्यांच्या म्हणण्यात काय चूक होती? बांधीव फाइलीतला जो बातमीदार स्वतःचे नाव न लिहिता गेला, त्याला माझ्या सूचीत मानाची ओळ आहे, कारण त्याचा कागद राहिला. मांडवात प्रत्यक्ष असलेला, अजून दहाच्या बसने येणारा माणूस कंसात. हा नियम ज्याने केला त्याच्यापुढे गुरुजींना एकदा नेऊन बसवावे असे मला वाटते. पण मी काय करू शकतो? मी नियम पाळतो, कारण मला पीएच.डी. हवी आहे, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी ती हवी असण्याची कारणे नियमांशीच संबंधित आहेत.

माडखोलकरांचे कोडे शेवटी सुटले, पण ते असे सुटले. नाव आणि आडनाव वेगळे न करता एकाच चौकटीत सगळे लिहिण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती मंडळे, परिषदा आणि सरकारी खाती यांच्यासाठी आहे. तीत मी 'ग. त्र्यं. माडखोलकर' असे भरले आणि नाव सुटे, स्वच्छ, टिंबांसकट उमटले. माडखोलकर आता एक संस्था झाले आहेत आणि सूचीत 'म' ऐवजी 'ग' खाली गेले आहेत. मॅडम तेथे त्यांना शोधतील की नाही, हे पुढच्या मंगळवारी कळेल.

गुरुजींची नोंद मी पुसलेली नाही. सूचीत उतरत नाही, पण सॉफ्टवेअरच्या आत ती आहे : शीर्षक 'ठराव आणि खांदा', भाषा मराठी, गावाची चौकट रिकामी. ते दररोज दहाच्या बसने येतात, खुर्ची ओढतात आणि ती उघडायला लावतात. काल त्यांनी दोरीचा चष्मा नाकावर सारून एकेक अक्षर वाचले आणि म्हणाले, "आडनाव चुकलंय." पुरावा म्हणून पिशवीतून आधार कार्ड काढून त्यांनी माझ्यापुढे धरले. त्यावरही तसेच होते.

"बघा," गुरुजी म्हणाले, "तिथंबी चुकलंय."