डायलला हात लावू नका

गेल्या रविवारी इंदूरच्या छप्पन दुकानावर आमची जुन्या घड्याळांच्या शौकिनांची बैठक होती. पोहे संपत आले होते, तेवढ्यात एक नवा मुलगा आला आणि त्याने रुमालातून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. आजोबांचं फेवर ल्यूबा कंपनीचं, सी चीफ मॉडेल. "ताई, बघा ना, परवाच सगळं नवं करून आणलं." डायल गर्द निळी, काचेसारखी चकचकीत. आधी कशी होती विचारलं, तर म्हणाला, "पांढरी होती, पिवळी पडलेली. डाग होते खूप."

टेबलावर कुणीच काही बोललं नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मलाही बोलवेना. पण रात्रभर ते डोक्यात राहिलं, म्हणून आज लिहिते आहे. हेच माझ्या हातून बाबांच्या घड्याळाचं झालंय.

बाबांचं ओमेगा होतं, सीमास्टर. 1962 साली त्यांच्या मावसभावाने एडनहून आणलेलं. तेव्हा इथे परदेशी घड्याळ मिळणं मुश्किल आणि एडन करमुक्त बंदर, त्यामुळे तिकडून येणाऱ्या माणसाला घरोघरी एकच फर्माईश असायची. चावीचं घड्याळ, 17 ज्वेल्सचं (म्हणजे आतले भाग झिजू नयेत म्हणून बसवलेले 17 बारीक खडे), सहाच्या जागी सेकंदाची छोटी चकती. रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्या सुरू होण्याआधी बाबा चावी द्यायचे. मागचं झाकण उघडलं की आतलं मशीन तांबूस दिसतं, त्या काळच्या ओमेगाची ती खूणच. सेकंदाला पाच टिकटिक, कानाशी धरलं की मोजता येत नाही पण जाणवते. डायल मूळची रुपेरी, पण शेवटच्या वर्षांत दुधाळ चहासारखी झाली होती, आणि चारच्या आकड्याजवळ एक तपकिरी ठिपका. लहानपणी मी त्या ठिपक्यालाच घड्याळाचा तीळ म्हणायचे.

बाबा गेल्यावर घड्याळ बंद पडलं. मी एका दुकानात सर्व्हिसिंगला दिलं. आठ दिवसांनी गेले तर समोरच्याने मोठ्या कौतुकाने हातात ठेवलं, "एकदम नई कर दी, मैडम." पांढरीशुभ्र डायल. तीळ नाही. ओमेगाचं नाव जरा जाड आणि किंचित तिरकं छापलेलं. खाली सहाच्या कडेला बारीक अक्षरांत 'स्विस मेड' असायचं, ते गायब. जुनी डायल परत द्या म्हटलं, तर म्हणाला, हीच तर आहे ती.

आणि ते खरं होतं, हेच सगळ्यात वाईट. रिडायल करताना दुसरी डायल बसवत नाहीत. जुन्या डायलवरचा रंग, लॅकर, अक्षरं सगळं खरवडून किंवा रसायनाने काढून पितळेपर्यंत जातात, मग वर नवा रंग आणि नवी छपाई. पत्रा तोच राहतो, चेहरा पुसला जातो. तो परत आणायचा काही मार्ग नाही. मशीनचं तसं नाही. मेनस्प्रिंग, म्हणजे चावी दिल्यावर गुंडाळली जाते ती मुख्य स्प्रिंग, तुटली तर दुसरी मिळते, वाळलेलं तेल धुऊन नवं घालता येतं. काचसुद्धा बदलता येते, ओरखडे पडण्यासाठीच ती असते. डायल मात्र एकच असते.

त्या दुकानदाराला मी दोष देत नाही असं म्हणणार नाही. त्याने विचारायला हवं होतं. पण मीही सांगितलं नव्हतं.

घड्याळाच्या जगात ही गोष्ट फार आधीपासून माहीत आहे. जेजर-लकूल्त्र कंपनीचं रिव्हर्सो हे घड्याळ 1931 साली निघालं ते आपल्याच देशातल्या पोलोच्या मैदानांमुळे. इंग्रज अधिकारी खेळताना घड्याळांच्या काचा फोडून घ्यायचे, म्हणून अख्खी केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची पेटी, उलटी फिरवून काच आणि डायल आत लपवायची युक्ती काढली. म्हणजे एक पूर्ण घड्याळ केवळ चेहरा वाचवण्यासाठी जन्माला आलं! आणि हॉलिवूड अभिनेता पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलर्सना गेलं, ते कुणी चकचकीत करून आणलं म्हणून नव्हे. त्याच्या बायकोने मागे कोरून घेतलेला मजकूर आणि वापराच्या खुणा सगळ्या जागच्या जागी होत्या. काळ्या डायल उन्हाने तपकिरी झाल्या तर संग्राहक त्यासाठी जास्त पैसे मोजतात. आणि आपण घरातली तशी डायल स्वतःच्या हाताने पुसायला देतो.

आमच्यातले एक काका दर वेळी म्हणतात, "अगं, मला मनगटावर छान दिसायला हवं, मी काय म्युझियम काढलंय?" काकांचा मुद्दा मला कळतो. स्वतःच्या पैशाने नवं घ्या ना, हौसेने घ्या. आज शोरूममध्ये 2 लाखांच्या वर खरेदी केली की पॅन द्यावा लागतो, 10 लाखांच्या वर 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच दुकानदाराने वसूल करायचा कर, घेतात, तरी लोक रांगा लावून घेतातच. ते मिरवा, पुसा, चमकवा. पण ज्या घड्याळावर आधीच्या माणसाचे तीस-चाळीस वर्षांचे दिवस बसलेत, ते चमकवायचा हक्क आपला एकट्याचा आहे असं मला वाटत नाही.

केसचंही तेच. पॉलिश म्हणजे स्टीलचा एक थर उतरवणं. दोनदा-तीनदा झालं की पट्टा अडकतो तिथल्या धारा गोल होतात आणि घड्याळ साबणाच्या वडीसारखं दिसायला लागतं.

जुनं विकत घेणाऱ्यांनाही एक सांगते. साठ वर्षांचं घड्याळ, डायल कोरी करकरीत, आणि भाव अर्धा, असं दिसलं तर भिंग काढा. अक्षरांच्या कडा बघा, मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या खुणांशी जुळतात का बघा, त्याच मॉडेलच्या अस्सल डायलचे फोटो शेजारी ठेवा. संग्राहक अशा नव्याने रंगवलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात.

मी आता घड्याळ दुरुस्तीला देताना पावतीवर स्वतः लिहून घेते: डायल आणि काट्यांना हात लावायचा नाही, पॉलिश नाही, काढलेला प्रत्येक भाग पुडीत बांधून परत. समोरचा कुरकुरला तर घड्याळ उचलते आणि निघते. राजवाड्याजवळ एक म्हातारे घडीसाज आहेत, त्यांनी ती पावती वाचून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, ऐसा कोई बोलता ही नहीं." त्यांनी फक्त मशीन धुतलं, तेल दिलं. माझं दुसरं घड्याळ, एक जुनं टिसो, त्यांच्याकडून आलं तेव्हा पुडीत तुटकी स्प्रिंगसुद्धा होती.

त्या मुलाला मी काल फोन केला. आजोबांचा जुना एखादा फोटो असेल तर शोध म्हटलं, मनगट दिसणारा. सी चीफची मूळ डायल कधी कधी सुटी मिळते, बसवता येईल. डाग काही परत येणार नाहीत, हेही त्याला सांगितलं. थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, आजीला विचारतो.

इंदुरातल्या मंडळींना विनंती. कपाटात, पेटीत, देवघराच्या खणात कुणाचं बंद घड्याळ पडलं असेल तर कुठेही द्यायच्या आधी एकदा दाखवा. येत्या रविवारी सकाळी आठला आम्ही छप्पनवर आहोत. उघडणार नाही, पुसणार नाही. येताना डायलचा एक फोटो मात्र आजच काढून ठेवा, उजेडात, जवळून. माझ्याकडे बाबांच्या घड्याळाचा तेवढासुद्धा नाही.