काका, जनरेटर गाडीत घेऊ नका!

परवा रात्री साडेअकराला दांडिया बाजारातून काकांचा फोन. "अगं, जनरेटर सुरूच होत नाहीये. ग्रुपवर पाच उपाय आलेत, चौथा करून बघू का?" निवृत्तीनंतर काकांनी जुनी मिनीबस घेऊन तिचं फिरतं घर केलंय. शनिवारी कच्छमधल्या धोरडोला पांढरं रण बघायला निघायचं होतं. बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांत तो मेसेज फिरून झाला असावा, मला तीन ठिकाणांहून आला.

चौथा उपाय असा: "थंडीत इंजिन गारठतं. जनरेटर गाडीच्या आत घेऊन सुरू करा. खिडकी एक बोट उघडी ठेवली की धूर निघून जातो."

धूर जाईलही. मारतो तो धूर नव्हे. पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं. माणूस म्हणतो, प्रवासाचा शीण असेल, आणि आडवा होतो. झोपलेल्याला तर तेवढंही कळत नाही. अमेरिकेचा ग्राहक-सुरक्षा आयोग स्पष्ट बजावतो की एका पोर्टेबल जनरेटरमधून शेकडो चालू मोटारींइतका हा वायू निघू शकतो आणि दारं-खिडक्या उघडून भागत नाही. यंत्र बाहेर, किमान 20 फूट लांब, धुराचं तोंड आपल्यापासून पलीकडे. एक बोट कुठून आलं, हे त्या मेसेजवाल्यालाच विचारा. आणि कच्छच्या थंडीत रात्री दोन वाजता ते बोटभरही कुणीतरी बंद करणारच. आमच्या काकूच करतील.

तिसरा उपाय ऐकून हसावं की रडावं कळेना. "ऑइल सेन्सरची वायर काढून टाका, लगेच सुरू होईल." होईल की! तेल कमी असलं की स्पार्क तोडायचा, हेच तर त्या सेन्सरचं काम. तो तोडून कोरडं इंजिन चालवा, थोड्या वेळात आतून जाम होईल. सेन्सर उगाच अडवतो असं वाटलं, तर आधी जनरेटर सपाट जागेवर आहे का ते पाहा. उतारावर तेल एका बाजूला जातं आणि पुरेसं असूनही सेन्सरला कमी वाटतं.

दुसऱ्यात मात्र अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करते. मेसेज म्हणतो, आताचं इथेनॉलचं पेट्रोल टाकीत पडून खराब होतं. हो, होतं. त्यातलं 20 टक्के इथेनॉल ओलावा ओढून घेतं, आणि महिनोन्महिने पडलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, बारीक छिद्रांत चिकट थर सोडतं. पण त्यावर "थोडं रॉकेल मिसळा" हा कसला इलाज? एके काळी आपल्याकडे रॉकेलवर चालणारे जनरेटर होते, पण तेही पेट्रोलवर सुरू करून, तापल्यावर रॉकेलवर घ्यावे लागत. काकांचं यंत्र तसलं नाही. जुनं पेट्रोल काढा, कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल करून तीही रिकामी करा, ताजं भरा. ठेवून देताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा.

पहिला आणि पाचवा पटकन. पहिला म्हणतो, चोक ओढून हिसके देत राहा; पाचवा म्हणतो, एअर फिल्टरवर पेट्रोल ओता. चोक सतत ओढून दोरीला 25 हिसके दिलेत तर प्लग पेट्रोलने भिजेल. मग तो काढून पुसत बसा. आणि एअर फिल्टरवर पेट्रोल ओतणाऱ्याने आधी भुवयांची काळजी घ्यावी, भडका उलटा येतो.

काकांना विचारलं, "जनरेटर आत्ता कुठे आहे?"

"सोसायटीच्या रॅम्पवर."

सपाट जागेवर आणून तेल बघायला लावलं. पट्टीवर पुरेसं होतं. चौथ्या हिसक्याला सुरू झाला. मग जनरेटरपासून गाडीपर्यंत वीज नेणारी वायर किती लांब आहे विचारलं, तर म्हणाले दहा फूट. शुक्रवारी सकाळी तीस फुटांची, जाड, आणायला लावली.