छत्री माझीच आहे, मूठ तेवढी बदललीय

सकाळी चहाच्या आधीच डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. घाई असेल त्यांनी लाईक टाकून सटकावं, मी मनाला लावून घेणार नाही.

काल शनिवार. रात्री साडेअकराला मी नेहमीसारखी ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ लावून बसले. न्यूयॉर्कहून थेट येणारा विनोदी स्केचेसचा, म्हणजे छोट्या नाटुकल्यांचा, टीव्ही शो. भाचा इथे शिकायला आलाय, शनिवार-रविवार आमच्याकडे असतो. तो शेजारीच सोफ्यावर, फोनमध्ये मान घालून. दोनदा म्हटलं, अरे बघ जरा. हूं नाही की चूं नाही. आणि आज सकाळी साहेब त्याच एपिसोडचा चाळीस सेकंदांचा तुकडा माझ्या नाकासमोर धरतात. "आत्या, हे बघितलंस?" म्हटलं, राजा, मी तो अख्खा एपिसोड तुझ्या मांडीला मांडी लावून बघितलाय. तर म्हणतो, "अख्खा कोण बघतं गं? शोमध्ये आता दम नाही. जे चांगलं असतं ते येतंच की समोर."

येतंच की समोर!

दाढेत शेंगदाण्याचं फोलपट अडकावं तसं ते वाक्य सकाळपासून अडकून बसलंय.

आता बाबांची गोष्ट. माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांनी ती ऐकलीय, परत ऐका. बाबा पहिल्यांदा इथे न्यू जर्सीला आले तेव्हा मी त्यांना विचारलं, काय बघायचंय? लिबर्टीचा पुतळा वगैरे झालाच. पण आयुष्यभर बँकेत नोकरी करून संध्याकाळी हौशी नाटकांत प्रॉम्पटिंग केलेला माणूस, त्याला ‘लाइव्ह’ या शब्दाचं वेड. दर शनिवारी टीव्हीवर नाटक, तेही न छापता, न कापता, थेट? "मग तिथे प्रॉम्पटर असणारच," हा त्यांचा निष्कर्ष.

तेव्हा स्टँडबायची, म्हणजे जागा उरली तर आत सोडण्याची, पद्धत अशी होती की शुक्रवारी रात्रीच न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरच्या, म्हणजे शोचा स्टुडिओ आहे त्या इमारतीच्या, बाहेर फुटपाथवर जाऊन बसायचं. सकाळी सातला कार्ड वाटायचे. रात्री आठची रंगीत तालीम किंवा साडेअकराचा खरा शो, दोन्हींपैकी एकच. आणि कार्ड मिळालं म्हणजे आत सोडतीलच असंही नाही. थंडी मरणाची. बाबा कानटोपी, त्यावर माझा स्कार्फ, मांडीवर थर्मास. मी म्हटलं तुम्ही घरी थांबा, तर म्हणाले, "नाटकाच्या रांगेत मी तुझ्या जन्माआधीपासून उभा आहे."

रंगीत तालमीला शिरकाव झाला. स्टुडिओ 8एच. 1937 पासून तोस्कानिनी या नामवंत संगीत संचालकाचा ऑर्केस्ट्रा रेडिओसाठी जिथून वाजायचा तीच जागा. टीव्हीवर केवढी मोठी वाटते, प्रत्यक्षात आपल्या गावच्या नाट्यगृहाची बाल्कनी बरी. एका कोपऱ्यात स्केच चालू असतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात माणसं भिंती ढकलत आणत असतात. एका नटाला हाताला धरून पळवत नेत होते, पळता पळताच त्याचा विग उतरत होता. पण बाबांची नजर भलतीकडेच. कॅमेऱ्याच्या बाजूला एक माणूस मोठाले पुठ्ठे धरून उभा. काळ्या मार्करने हाताने लिहिलेली वाक्यं, खोडलेल्या ओळींवर पांढऱ्या पट्ट्या. वाक्य संपलं की पुठ्ठा सरकला, पुढचा वर. बाबांनी माझं मनगट दाबलं. "तो बघ. प्रॉम्पटर."

मग ते छत्रीवालं स्केच आलं. एक बाई हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर छत्री मागायला येते. छत्री दाखवतात तर म्हणते, छत्री माझीच आहे, मूठ तेवढी बदललीय. मग दुसरी छत्री, तिची मूठ बरोबर तर कापड दुसऱ्याचं. असं चाललेलं. लोक हसले नाहीत. म्हणजे अजिबातच. एक कोणी खोकला तेवढंच. ती बाई मात्र तसूभर ढळली नाही. प्रत्येक वाक्याआधी पॉज, मग वाक्य, मग समोर पसरलेली शांतता, तरी पुढचं वाक्य त्याच जोरात. आणि पुठ्ठेवालाही ढळला नाही. त्या अख्ख्या हॉलमध्ये बाबा एकटे हसत होते. तेही मोठ्याने.

दहाच्या सुमाराला बाहेर पडलो, धावतपळत गाडी पकडली आणि घरी टीव्ही लावेपर्यंत शो सुरू होत होता. बाबा एक वाजेपर्यंत ताठ बसून राहिले. छत्री आलीच नाही. "ती बाई कुठे गेली?" मी सांगितलं, बाबा, तालीम आणि शो यांच्यामधल्या तासा-दीड तासात ते काही स्केचेस काढून टाकतात. लोक हसले नाहीत की गेलं. बाबा बराच वेळ गप्प. मग, "सोमवारी कल्पना, मंगळवारी रात्रभर लिहिणं, बुधवारी वाचन, शनिवारी प्रयोग. आम्हाला एका एकांकिकेला दीड महिना लागायचा. आणि बाई रंगीत तालमीपर्यंत येऊन परत गेली?"

तर भाचेबुवा, जे चांगलं असतं ते कोण आणतं रे समोर? तुझी आजी? फोन आणतो. तू काल कशावर तीन सेकंद जास्त रेंगाळलास ते बघून आणतो. बुधवारच्या वाचनाला चाळीसच्या आसपास स्केचेस असतात. त्यातली पडद्यावर किती येतात ते हाताची बोटं मोजून बघ. आणि त्यातलं तू एक बघतोस, तेही चाळीस सेकंद, आणि मला सांगतोस शोमध्ये आता दम नाही!

त्याने लगेच काउबेल काढलं, म्हणजे गायीच्या घंटेसारखं वाद्य बडवण्याचं शोमधलं ते गाजलेलं स्केच. काढणारच. "मग ते इतकी वर्षं कसं टिकलं? चांगलं होतं म्हणूनच ना?" बरं. 8 एप्रिल 2000 चा एपिसोड, होस्ट, म्हणजे त्या आठवड्याचा पाहुणा सूत्रधार, नट क्रिस्टोफर वॉकेन. शोमधल्या नटांपैकी पोट सुटलेला विल फेरेल तोकड्या शर्टात काउबेल बडवतोय आणि जिमी फॅलनला हसू आवरत नाहीये. मीही शंभरदा पाहिलंय. पण राजा, तेच स्केच आधी दुसऱ्या एका होस्टच्या आठवड्यात दिलं होतं आणि तेव्हा घेतलंच नव्हतं. चांगलं होतं ना? मग का नाही आलं समोर? आणि फॅलनच सांगतो की तालमीला फेरेलचा शर्ट इतका घट्ट नव्हता, खऱ्या शोला तो मुद्दाम आणखी तोकडा घालून आला. म्हणजे ज्या हसण्यावर तू पंचवीस वर्षांनंतर फिदा आहेस ते तालमीत नव्हतंच, ते थेट प्रयोगातच घडलं. आणि त्या रात्री क्रिस्टिना अ‍ॅग्विलेरा गायली होती, बाकीची स्केचेसही झाली होती. त्यातलं एक तरी सांग. नाही ना येत?

मान्य, शो पुष्कळदा पडतो. सुरुवातीचं राजकीय प्रकरण हल्ली नुसती नक्कल असते. विनोद एकच असतो आणि तो पाच मिनिटं ताणतात. शेवट तर त्यांना 1975 पासून जमलेला नाही, कॅमेरा वर जातो, बँड वाजतो, संपलं. आणि मीसुद्धा आठवडाभर जेवताना तुकडेच बघते. झालं समाधान?

पण एकला दहा मिनिटं कमी असताना जे येतं ना, ते तुकड्यात भेटत नाही. तिथे त्याला ‘टेन टू वन’च म्हणतात. निम्मं जग झोपलेलं, आता काहीही चालेल म्हणून ठेवलेलं सगळ्यात विक्षिप्त स्केच. त्यातली निम्मी फसतात. पण एखादं असं लागतं की रात्री एकला मी एकटी उशीत तोंड खुपसून हसत बसते. आधीची तासभर पडझड सोसलेली असते, म्हणून ते हसू येतं. सकाळी तेच कोणाला दाखवावं तर समोरचा विचारतो, हं, मग?

बाबांचंही असंच. विंगेतून दिलेलं वाक्य एकदा नटाच्या आधी पहिल्या रांगेलाच ऐकू गेलं होतं आणि सगळं नाट्यगृह हसलं होतं. बाबा ते रंगवून सांगतात, आम्ही घरचे बळेच हसतो. तिथे असायला हवं होतं, दुसरं काय.

हे सगळं टाइप करेपर्यंत भाच्याने चहा करून आणून ठेवलाय. आलं घातलंय. पोरगं वाईट नाही हो. "आत्या, पुढच्या शनिवारी बघू अख्खा," असंही म्हणालाय. बघतोय कसला, बारा वाजता घोरायला लागेल.

मघाशी बाबांना फोन केला. आता वय झालंय, नावं विसरतात, मलाही कधी कधी माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारतात. नातू काय म्हणाला ते सांगितलं. ते त्यांनी फारसं ऐकलं नसावं. मध्येच विचारलं, "त्या छत्रीवाल्या बाईचं पुढे काय झालं गं?" मी खरं तेच सांगितलं, की पुढच्या सीझनला ती दिसली नाही. पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाले, "छत्री तरी मिळाली का तिला?"