प्रतिक्रियेला उत्तर: तेलाचा भाव आणि रशियाची तिजोरी

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन: 1998च्या दिवाळखोरीतून रशिया सावरला तो निव्वळ तेलाच्या भावामुळे, आणि पेन्शनवाले हलाखीत असताना अब्जावधी डॉलर परदेशी रोख्यांत ठेवणं हा सरकारचा हट्ट होता.

भाव वाढला हे नशीब, मान्य. पहिली उभारी तर रूबल घसरल्यामुळेच मिळाली होती. ऑगस्टमध्ये सहा रूबलला मिळणारा डॉलर वर्षअखेरीस विसाच्या पुढे गेला, आयात माल परवडेना आणि देशी कारखान्यांना गिऱ्हाईक मिळालं. पण भाव चढला की तिजोरी आपोआप भरते, असं नसतं. तेल कंपन्या विहिरीवरचं तेल आपल्याच व्यापारी कंपनीला कवडीमोलानं विकल्याचं दाखवत. ती नोंदलेली मोर्दोविया, काल्मीकियासारख्या करसवलतीच्या प्रांतात, म्हणून नफाही तिथेच निघे. 1 जानेवारी 2002 पासून खनिज उत्खनन कर आला तो टनावर, तोही उरल्स (रशियाचं मुख्य निर्यातीचं) तेलाचा जागतिक भाव आणि डॉलरचा दर यांच्याशी बांधलेला. बिलावर काहीही लिहा, कर तेवढाच.

2005 चा हिशेब बघा. निर्यात शुल्क 25 डॉलर भावाला पिंपामागे 4 डॉलर, त्यावरच्या प्रत्येक डॉलरला 65 सेंट. उत्खनन कर 9 डॉलरच्या वर प्रत्येक डॉलरला साधारण 22 सेंट. भाव 50 असेल तर शुल्क 20.25 आणि कर सुमारे 9 डॉलर. म्हणजे 25च्या वरच्या प्रत्येक डॉलरमधले 87 सेंट सरकारचे. (नव्या विहिरींवर पैसा घालायला कंपन्या का कुरकुरत, ते वेगळं सांगायला नको.)

2004 पासून 20 डॉलरच्या वरच्या भावातून येणारा कर आणि शुल्क स्थिरीकरण निधीत, म्हणजे भाव पडल्यावर तूट भरायला राखलेल्या गंगाजळीत, जाऊ लागलं. 2006 पासून ही रेषा 27 वर नेली. निधी 500 अब्ज रूबलच्या वर गेला तरच जादा रक्कम इतर कामाला वापरता येई. त्यातून 2005 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे 3.3 अब्ज डॉलर मुदतीआधी फेडले, पुढे पॅरिस क्लब या धनको देशांच्या गटाचंही कर्ज.

निधीतले हे डॉलर परदेशी रोख्यांत न ठेवता देशात खर्चायचे तर मध्यवर्ती बँकेला ते विकत घेऊन नवे रूबल बाजारात सोडावे लागले असते. 2004ची महागाई आधीच 11.7 टक्के होती, आणि तिचा पहिला फटका पेन्शनलाच बसतो. जानेवारी 2005 मध्ये मोफत प्रवासाऐवजी तुटपुंजी रोकड हाती ठेवली म्हणून वृद्ध रस्त्यावर उतरले. तो राग रास्तच. पण तिथे चूक सवलतींच्या कायद्याची होती, निधीची नव्हे.

खरा दोष तुमच्या यादीत नाही. शुल्क मागच्या दोन महिन्यांच्या सरासरी भावावर ठरे. 2008 च्या शरदात भाव कोसळला, शुल्क मात्र जुन्या चढ्या भावाचं. निर्यातीत तोटा होऊ लागला. सरकारला घाईघाईनं शुल्क उतरवावं लागलं आणि सरासरीचा काळ महिन्यावर आणावा लागला.